तळटिपेचं बोट धरून

या महिन्यात पोस्टाने दोनच पत्रं आली, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. वाळवी लागलेल्या पोथ्यांचं काय करायचं, आजोबांची पुस्तकं कुणाला द्यायची, हे नेहमीचे प्रश्न आहेतच. त्यांना पुढच्या अंकात जागा देते. पण सिनॉप्सिस द्यायचे दिवस जवळ आले असावेत, कारण निम्म्याहून जास्त जणांनी एकच विचारलंय: "बाई, संदर्भ कुठे मिळतील?" कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरमागे ३१ वर्षं बसले, तेव्हाही हाच प्रश्न यायचा. फरक एवढाच, की तेव्हा विचारणारा समोर उभा असायचा आणि त्याला हाताला धरून कपाटापर्यंत नेता यायचं.

प्रश्न: बाई, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातली खाजनशेती (खाडीकाठची, बांध घातलेली शेती) आणि गावकारी (गावाची जमीन सांभाळणारी जुनी संस्था). गूगल स्कॉलरवर 'खझान' टाकलं की खारफुटी, कोळंबी, मिठागरं यांवरचे लेख येतात. इतिहासाचं फार थोडं मिळतं. गाईड म्हणतात, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर पातळ झालाय. वेगवेगळे की-वर्ड टाकून टाकून मी दमले. आता काय करू?
(संशोधक विद्यार्थिनी, दिवाडी)

उत्तर: बाय, आधी थोडे दिवस की-वर्डचा नाद सोड.

आपल्याकडे एका वस्तूला किती नावं असतात ते दिवाडीच्या मुलीला मी काय सांगणार! तू ज्याला खाजन म्हणतेस ते इंग्रजी लेखांत कधी एका स्पेलिंगने येतं, कधी दुसऱ्या, तर कधी 'खाऱ्या पाण्यातून काढलेली शेतजमीन' असं नुसतं वर्णन येतं आणि नाव गायब. पोर्तुगीज कागदांत त्याचं 'कासाना' झालं. गावकारीची तर तऱ्हाच निराळी. मराठीत गावकारी किंवा ग्रामसंस्था, पोर्तुगीजमध्ये गावकार तो 'गांकार' आणि त्यांची संस्था ती 'कोमुनिदाद', इंग्रज लेखक 'व्हिलेज कम्युनिटी' म्हणून मोकळे. संगणकाला हे गोत ठाऊक नाही. तू टाकशील तेवढीच अक्षरं तो जुळवणार. ज्याने या विषयात उमर घालवली त्या माणसाला मात्र ते ठाऊक असतं. त्याने वाचलेलं असतं पोर्तुगीज, लिहिलेलं असतं इंग्रजीत, आणि काय वाचलं त्याची खूण तळटिपेत ठेवलेली असते. तू पणजीला यायला रायबंदरची फेरी धरतेस ना? तळटीप ही तशी फेरी आहे. एका भाषेच्या काठावर चढायचं आणि दुसऱ्या भाषेच्या काठावर उतरायचं.

तेव्हा एक लेख घे. एकच, पण चांगला. तुझ्यासाठी मी दामोदर धर्मानंद कोसंबींचा निवडीन, जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थांवरचा. १९४७ साली तो मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला, पुढे १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त घेतला. माणूस मूळचा गणिती, जन्म इथलाच, गोव्यातला. तो लेख हातात आला की मजकूर नंतर, तळटिपा आधी वाच. मी अजून कुठलंही पुस्तक शेवटून उघडते. आमच्या घरचे म्हणतात, हिला लग्नाला नेलं तर ही आधी मांडवामागे जाऊन आचारी कोण ते विचारील.

नुसती नावं उतरवून घेतलीस तर ते तळटिपा वाचणं झालं नाही. लेखक त्या नावाचं काय करतो ते बघ. कुणाचं नाव घेऊन नुसता पुढे गेलाय? कुणाचा आकडा उचललाय? कुणाशी भांडतोय? ज्याच्याशी भांडतोय त्याला आधी शोध. विद्वान माणूस बिनकामाच्या पुस्तकावर शाई दवडत नाही. ज्याला चार-पाच पानांवर पुन्हा पुन्हा बोलावलंय त्याचा नंबर दुसरा. आणि 'हेही पाहा' म्हणून एका ओळीत सात नावं कोंबली असतील तर ती सगळ्यात शेवटी. त्यातली निम्मी कुणाला तरी बरं वाटावं म्हणून घातलेली असतात. (हे गाईडना दाखवू नकोस.)

आता असं मागे मागे चालत कुठे पोचतेस बघ. सूच्या चाळताना तुला बेडन-पॉवेल भेटेल. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या गोव्यातल्या गावांवर त्याने १९०० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. तो उभा आहे १५२६च्या फोरालवर. अफोन्सु मेशियाने गावकारांच्या चालीरीती आणि हक्क लिहवून घेतले, तो हा फोराल. तो वाचायचा कुठे? कुन्य रिव्हार यांनी १८५७ ते १८७७ या काळात 'आर्किवु पोर्तुगेज ओरिएंताल' या नावाने जुनी कागदपत्रं छापली, त्यात. शिवाय फिलिप नेरी झेवियर यांचं कोमुनिदादींवरचं पुस्तक १८५२चं. म्हणजे विसाव्या शतकातल्या एका इंग्रजी लेखापासून निघालीस आणि तीन-चार उड्यांत सोळाव्या शतकात उतरलीस. यातलं काहीही 'खझान' टाकून तुझ्या पडद्यावर आलं नसतं.

तेओतोनियो डिसोझांचं १९७९चं 'मिडीव्हल गोवा' मिळालं तर त्याच्या संदर्भसूचीची झेरॉक्स काढून घे. अशा पुस्तकांत सुरुवातीला संक्षेपांची यादी असते, ती कोणी वाचत नाही. तू वाच. 'एचएजी' म्हणजे पणजीचं हिस्टॉरिकल अर्काइव्हज. त्यापुढचा आकडा बहुधा बाडाचा. तो चिठ्ठीवर लिहून नेलास तर काउंटरवरचा माणूस उठून आत जातो. 'गावकारीवर काही आहे का?' असं विचारलंस तर बसल्या जागेवरून मान हलवतो. मी त्या खुर्चीत बसलेली आहे म्हणून सांगते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५५ साली या दफ्तरखान्याची मार्गदर्शिका छापली आहे, तीही बघून ठेव.

मागे जाणं झालं. पण जुन्या सूचीची एक खोट असते: १९४७च्या लेखात १९४८चं पुस्तक कधीच नसणार. कोसंबींनंतर कोणकोणते लेखक त्या वाटेने गेले हे कोसंबी कसे सांगणार? त्यासाठी पुढे चालावं लागतं, आणि ही युक्ती विद्यापीठांच्या आधी वकिलांना सुचली. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ साली डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायला सुरुवात केली. अमुक निकालाचा आधार पुढच्या कुठल्या निकालाने घेतला, कुणी तो फिरवला, हे त्यावर असायचं. वकिलाने आपल्या कायद्याच्या पुस्तकात समासात त्या चिकटवायच्या. युजीन गारफिल्डने १९५५ साली मांडलं, की हेच विज्ञानाच्या लेखांसाठी करू. १९६०च्या दशकात त्याचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. लायब्ररी सायन्स शिकताना मी ते जाडजूड खंड मुंबईत पाहिले. अक्षर मुंगीएवढं. एका लेखाची पुढची पिलावळ शोधायला दुपार जायची आणि डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरायचे. आता स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली बारीक अक्षरात 'सायटेड बाय' आणि एक आकडा असतो. त्यावर बोट ठेवलं की झालं.

पण आपल्या विषयात तो आकडा फसवा असतो. १८५२च्या पोर्तुगीज पुस्तकाखाली तो नसेलही, किंवा तीन-चारवर अडकलेला असेल. म्हणून पुस्तकाच्या नावातले दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोध. आधी जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगने, मग नव्या. एकदा स्कॉलरवर, एकदा गूगल बुक्सवर. ज्या लेखाच्या तळटिपेत ते नाव छापलंय तो लेख समोर येतो, मग यंत्राने त्याची गाठ मारलेली असो वा नसो. ही माझी आवडती युक्ती आहे आणि ती मला एका बारावी नापास डीटीपीवाल्याने शिकवली.

आणि त्या खारफुटीवाल्यांना हाकलू नकोस. बांध, मानस (पाण्याची झडप), पोंय (मानशीजवळचं तळं), कोरगुट (खारं पाणी सोसणारं) भात यांवर लिहिणारा पर्यावरणवाला प्रस्तावनेत दोन वाक्यांत इतिहास उरकतो, पण त्या दोन वाक्यांच्या शेवटी तीन-चार संदर्भ देतो. मजकूर त्याचा राहू दे, तेवढे संदर्भ तू घे. तसंच शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाऊन गोवा विद्यापीठातले जुने प्रबंध उघड. कुणीतरी चार वर्षं घासून केलेली संदर्भसूची फुकट मिळते. फक्त आंधळेपणाने उचलू नकोस, का ते खालच्या एका उत्तरात आहे.

एवढं झालं की पूर्ण तपशील लिहिलेली यादी घेऊन पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आणि ताळगाव पठारावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. वहीत एक रकाना 'हे मला कुणी दाखवलं' याचा ठेव. सहा महिन्यांनी गाईड विचारतील, "हा कुठून आणलास?" तेव्हा उपयोगी पडेल.

प्रश्न: मी रसायनशास्त्र शिकवतो. एका पायाभूत लेखाखाली 'सायटेड बाय'चा आकडा दोन हजारांच्या वर आहे. एवढे कोण वाचणार? शिवाय हल्ली विद्यार्थी जाळ्यांची रंगीत चित्रं काढणारी साधनं दाखवतात, त्यांचं काय करायचं?
(प्राध्यापक, मडगाव)

उत्तर: सर, दोन हजार कुणीच वाचत नाही. त्या यादीच्या वरच्या बाजूला 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' अशी एक चौकट असते. ती टिचकी मारून चालू करा आणि मग तुमचा शब्द टाका, म्हणजे शोध त्या दोन हजारांपुरताच राहतो. डावीकडे वर्ष निवडता येतं. आधी आढावा-लेख काढा. एक चांगला आढावा-लेख शंभर लेख चाळण्याचं काम वाचवतो.

रंगीत जाळ्यांचं सांगते, पण आपल्या पद्धतीने. मुंबईला, कारवारला, कुठेही पांगलेली दोन घराणी एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघांचाही कुळदेव मंगेश निघाला की आपण म्हणतो, कुठेतरी नातं असणार. दोन लेखांचे पूर्वज एकच, म्हणजे दोघांच्या संदर्भसूचीत तीच तीच नावं, तर ते लेख भाऊबंद. हे एम. एम. केसलर यांनी १९६३ साली मांडलं. दुसरा प्रकार उलटा. दोन माणसांचं रक्ताचं नातं नाही, पण गावातल्या प्रत्येक आमंत्रणपत्रिकेवर दोघांची नावं शेजारी-शेजारी असतात. लोकांनीच त्यांची जोडी लावलेली असते. दोन लेखांना पुढचे लेखक सतत जोडीने उद्‌धृत करतात तेव्हा त्यांचाही संबंध धरायचा. हे हेन्री स्मॉलने १९७३ साली मांडलं. भाऊबंदकी कायमची असते, कारण छापलेली सूची बदलत नाही. जोडी मात्र पुढे जमते किंवा मोडते, कारण ती नंतरचे लोक ठरवतात. कनेक्टेड पेपर्ससारखी साधनं अशाच नात्यांवरून ते चित्र काढतात. चित्र बघून विद्यार्थ्याला विचारा: हे दोन ठिपके जवळ का? त्याला सांगता आलं तर साधन कामाचं. नाही आलं तर ती रांगोळी.

ही माग काढण्याची पद्धत हौशी माणसांची आहे असं आपले काही सहकारी समजतात, त्यांच्यासाठी एक दाखला. ट्रिशा ग्रीनहाल्श आणि रिचर्ड पीकॉक यांनी आरोग्यसेवेतल्या नव्या पद्धतींवर मोठा आढावा केला आणि मग आपल्यालाच विचारलं, की वापरलेले संदर्भ नेमके सापडले कसे? २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हिशोब छापला. आधी आखून ठेवलेल्या शोधातून ३० टक्के, आणि संदर्भांचा माग काढत ५१ टक्के.

आकड्याला मात्र भुलू नका. एखाद्या लेखाला सगळे शिव्या घालत असले तरी आकडा वाढतोच. आणि कालच छापलेल्या लेखाखाली शून्य असणार. मेंडेलचा वाटाण्यांवरचा लेख १८६६चा. त्याची खरी दखल घेतली गेली १९०० साली. मधली ३४ वर्षं आकडा बघून कुणी वाचायचं ठरवलं असतं, तर वाटाण्याच्या अक्षताच मिळाल्या असत्या.

प्रश्न: गावाचा इतिहास लिहीत आहे. एका पुस्तकात जुन्या ग्रंथाचा संदर्भ आहे. मूळ ग्रंथ मिळत नाही. तो संदर्भ तसाच माझ्या पुस्तकात दिला तर चालेल का?
(निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे)

उत्तर: गुरुजी, चालवून घेणारे पुष्कळ आहेत. तुम्ही घेऊ नका. ज्या पुस्तकात वाचलं त्याचं नाव द्या आणि 'अमुक ग्रंथाचा उल्लेख तमुक पुस्तकातून' असं सरळ लिहा. यात कमीपणा काही नाही.

१९९०च्या आसपास आमच्या एका प्राध्यापकांना एक पुस्तक हवं होतं. त्याचा संदर्भ दोन वेगवेगळ्या ग्रंथांत छापलेला, म्हणजे शंकेला जागाच नाही. मी मुंबई-पुण्याच्या चार ग्रंथालयांना पत्रं घातली, इंटर-लायब्ररी लोनचे फॉर्म भरले, स्मरणपत्रं पाठवली. तीन महिन्यांनी उलगडा झाला: असं पुस्तकच नव्हतं. एका लेखाचं शीर्षक आणि शेजारच्या लेखाचा लेखक यांची सांगड पहिल्या ग्रंथकाराने चुकून घातली होती, आणि दुसऱ्याने मूळ न बघता ती उतरवून घेतली होती. प्राध्यापक हसले. मी हसले नाही, टपालखर्चाचा हिशोब मला द्यायचा होता.

हे सगळीकडे चालतं. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली एका गाजलेल्या लेखाचे ४,३०० संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी छापाच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी. शाळेत दोन पोरांच्या वहीत तेच चुकीचं उत्तर दिसलं की तुम्ही काय समजायचात? त्यांनीही तेच समजलं, आणि अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचत असावेत.

यात हसण्यासारखं नसलेलंही एक उदाहरण आहे. १९८०च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूवर्गातलं औषध दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसन लागल्याची नीट नोंद सापडली, असं त्यात होतं. २०१७ साली त्याच नियतकालिकात त्या पत्राच्या संदर्भांची छाननी आली. पत्र ६०८ वेळा उद्‌धृत झालं होतं. ७२ टक्के लेखकांनी ते 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं, आणि जवळजवळ ८१ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते हे सांगितलंच नाही. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्या पाच वाक्यांत अवाक्षर नव्हतं. पाच वाक्यं, गुरुजी. वाचायला एक मिनिट लागलं असतं.

प्रश्न: एआयला विचारून आठ संदर्भ मिळवले. नावं, वर्षं, पानं सगळं होतं. पाच सापडतच नाहीत. मी चुकीच्या ठिकाणी शोधतोय का?
(एमए विद्यार्थी, साखळी)

उत्तर: नाही बाबा. ते पाच नसावेतच. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच बनावट निकाल कोर्टात दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. खऱ्या लेखाला आगापिछा असतो: त्याने कुणाला तरी उद्‌धृत केलेलं असतं, पुढे कुणीतरी त्याला केलेलं असतं. डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) असेल तर तो टाकून बघ. नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका उघड आणि त्या पानावर काय आहे ते बघ. दुसराच लेख निघाला तर सोड. आणि जे तीन सापडले त्यांच्या संदर्भसूच्या वाच. आठांच्या जागी ऐंशी मिळतील, तेही खरे.

प्रश्न: तुमचं सगळं इंग्रजी लेखांना लागू पडतं. आमच्या जुन्या मराठी पुस्तकांना मागे सूचीच नसते. 'एका जुन्या बखरीत म्हटले आहे' एवढ्यावर काम भागवलेलं. त्यांचा माग कसा काढायचा?
(वाचक, फोंडा)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

तळटीप नसली तरी पावलं असतात. प्रस्तावनेतला ऋणनिर्देश वाचा. "अमुक देसायांनी आपल्या घरचे कागद पाहू दिले" हे वाक्य म्हणजेच संदर्भ. तेव्हाचे लेखक ग्रंथाचं नाव द्यायला कंजूष होते, माणसाचे आभार मानायला नव्हते. मजकुरात एखादं जुन्या वळणाचं वाक्य मधेच आलं, भाषा एकदम बदलली, की समजायचं हे उचललेलं आहे. ते वाक्य तसंच्या तसं शोधा. पुस्तकाच्या मलपृष्ठावरची त्याच प्रकाशकाची जाहिरात सोडू नका, त्या विषयावरची त्या काळातली पुस्तकं तिथे रांगेने उभी असतात. त्या लेखकाचा कुणी गौरवग्रंथ काढला असेल तर त्यात बहुधा लेखनसूची असते. आणि पुस्तक निघालं त्याच्या पुढच्या वर्ष-दोन वर्षांतली मासिकं चाळा. परीक्षणकार खाष्ट असेल तर 'लेखकाने हे कुठून घेतले ते आम्हांस ठाऊक आहे' म्हणून नावानिशी सांगतो. खाष्ट परीक्षणकारांचे संशोधनावर फार उपकार आहेत.

छापील पुस्तकांसाठी शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे: पहिल्या खंडात १८०० ते १९३७ ही वर्षं, विषयवार. एका माणसाने हे उभं केलं ते पाहिलं की मला अजून हात जोडावेसे वाटतात. तुमचा विषय ज्या पानावर आहे तिथल्या आजूबाजूच्या नोंदी वाचा.

आणि सगळेच मराठी लेखक बेफिकीर नव्हते. आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणावर १९५८ साली इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्यात गोव्यात १५५६ साली छापखाना आला तिथपासूनची हकीकत आहे. त्यातले संदर्भ धरून तुम्ही फादर स्टीफन्सच्या १६१६च्या ख्रिस्तपुराणापर्यंत जाल आणि वाटेत मराठी, कोकणी, पोर्तुगीज असं तिन्ही हाताला लागेल.

प्रश्न: शोध थांबवायचा कधी?
(संशोधक विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर: नवा लेख उघडल्यावर त्याच्या सूचीतली दहापैकी नऊ नावं तुझ्या वहीत आधीच असतील, आणि हे लागोपाठ चार-पाच लेखांत झालं, की. दहावं नाव तेवढं टिपून ठेव आणि लिहायला बस. कौलं शाकारणारा मिरगाच्या आधी खाली उतरतोच, एखादं कौल तिरकं राहिलं तरी.

दुरुस्ती: गेल्या अंकात पणजीच्या सेंट्रल लायब्ररीच्या स्थापनेचं साल मी १८४२ दिलं होतं. ते १८३२ आहे. कुंभारजुव्याच्या एका वाचकांनी पोस्टकार्ड टाकून कळवलं आणि खाली विचारलं, "बाई, हे कुठून घेतलंत?" माझ्याच एका जुन्या भाषणाच्या टिपणावरून घेतलं होतं, मूळ न बघता. पेडण्याच्या गुरुजींना वर जे सांगितलं ते या पोस्टकार्डानंतर लिहिलंय.